पुदिना, चॉकलेट आणि कर्जतची हवा

मार्गशीर्षातील पहाट. उल्हास नदीवर धुके उतरलेले असते, अंगणातले तुळशीवृंदावन दवाने ओले असते आणि स्वयंपाकघरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीत तेल पांढरे होऊन थिजलेले असते. कर्जत-खालापूर पट्ट्यात राहणाऱ्या गृहिणीला यापेक्षा वेगळे तापमापक लागत नाही. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. ते गोठले, की या भागात चॉकलेटच्या वड्या करायचा हंगाम सुरू झाला असे खुशाल समजावे. हा हंगाम लहान असतो. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध, आणि तोही सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचाच. एकदा होळी पेटली, की सह्याद्रीच्या पायथ्याशी बशीसारख्या खोलगट भागात वसलेल्या या दोन तालुक्यांत ऊन असे काही तापते, की एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. मग चॉकलेटची वडी राहत नाही, तिचे सारण होते.

या लेखात आपण ज्या पदार्थाविषयी बोलणार आहोत तो परका आहे, हे आधीच मान्य करू. खाली काळसर चॉकलेटचा थर, मध्ये पुदिन्याच्या वासाचा पांढरा थर, वर पुन्हा काळसर थर. नाताळच्या सुमारास पाश्चात्त्य घरांतून ही वडी होते. इंग्लंडमध्ये तर जेवणानंतर पुदिन्याचे पातळ चॉकलेट देण्याची पद्धत इतकी रुळली, की १९६२ साली तिथे ‘आफ्टर एट’ याच नावाने, म्हणजे रात्री आठनंतर खायचे, असे चॉकलेट बाजारात आले. आपल्याकडे ती चव पोहोचली ती सहलीच्या पिशव्यांतून. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरजवळ थांबणाऱ्या गाड्यांतून, लोणावळ्याच्या फजच्या खोक्यांबरोबर, आणि आता दिवाळीत गावोगावच्या भगिनी घरी करून विकतात त्या चकचकीत कागदातल्या ‘होममेड’ चॉकलेटांतून. मुलांना ती आवडते, आजी-आजोबांनाही आवडते, आणि घरी करता येते. मग ती करताना तिच्यात काय जाते, कोणाला चालते आणि कोणाला चालत नाही, हे नीट समजून घेतलेले बरे.

आपल्या घाटाची मिठाई चॉकलेट न होता चिक्की का झाली, याचे उत्तर हवेतच आहे. नेरळहून छोटी गाडी १९०७ पासून माथेरानला चढते आहे. तिथून उतरणारा प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या चिक्कीचा पुडा घेऊन येतो. गुळाचा पक्का पाक म्हणजे एक प्रकारची काच असते. ती उन्हात सहजासहजी वितळत नाही, फक्त दमट हवेत चिकट होते, म्हणून ती घट्ट गुंडाळली की काम भागते. चॉकलेटमधले कोको बटर मात्र ३४ अंशांच्या आसपास वितळते. ते शरीराच्या उष्णतेहून थोडे खाली असल्यामुळेच चॉकलेट जिभेवर विरघळते. त्याचे सारे सुख या एका आकड्यात आहे, आणि कर्जतच्या उन्हाळ्यात त्याची सारी अडचणही याच आकड्यात आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. घरी केलेले म्हणजे आरोग्याला चांगले, असा आपला समज असतो. भाजी-पोळीच्या बाबतीत तो बहुतांशी खराही असतो. चॉकलेटच्या बाबतीत तो आपण कोणती लादी विकत आणतो यावर अवलंबून असतो, कारण घरी आपण चॉकलेट ‘करत’ नाही. कारखान्यात तयार झालेले चॉकलेट आणून वितळवतो आणि पुन्हा थापतो. किराणा दुकानात किंवा केकच्या सामानाच्या दुकानात ‘डार्क कंपाउंड’ आणि ‘मिल्क कंपाउंड’ अशा नावांनी मिळणाऱ्या अर्धा-एक किलोच्या लाद्यांत कोको बटर जवळजवळ नसते. त्याऐवजी पामच्या बियांचे किंवा तत्सम वनस्पती तेल घट्ट करून घातलेले असते. ते स्वस्त पडते, वितळवून साच्यात ओतले की चटकन सेट होते, चमक येते आणि थर्मामीटरची गरज लागत नाही. म्हणूनच घरगुती व्यवसायात त्याचा वापर सर्रास होतो. त्यात फसवणूक काही नाही, वेष्टनावर सारे लिहिलेले असते. आपण वाचत नाही, एवढेच.

वेष्टन उलटे करून घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिले नाव साखरेचे आणि दुसरे ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’चे असेल, तर आपल्या हातात गोड वनस्पती तूप आहे आणि त्याला कोकोचा रंग आहे, असे समजायला हरकत नाही. अर्धवट हायड्रोजनेशन झालेल्या तेलांत ट्रान्स फॅट तयार होते आणि हृदयाला ते सर्वांत घातक मानले जाते. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून अन्नपदार्थांतील तेल-तुपात ट्रान्स फॅटचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असू नये असा नियम केला, ही मोठीच सुधारणा झाली. तरीही पूर्ण हायड्रोजनेशन केलेल्या तेलात ट्रान्स फॅट नसले, तरी संपृक्त मेद भरपूर असतो. घरात रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलची गोळी घेणारे कोणी असेल, तर दिवाळीला शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील, पण ज्या लादीच्या यादीत ‘कोको बटर’ लिहिलेले आहे आणि वनस्पती तेलाचे नाव नाही, अशीच लादी आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे. थर देताना एक लादी कंपाउंडची आणि दुसरी खऱ्या चॉकलेटची असा काटकसरीचा मेळ मात्र घालू नका. ही दोन मेदे एकमेकांत नीट मिसळत नाहीत. वडी मऊ पडते आणि आठवड्याभरात तिच्यावर पांढुरकी झाक येते.

आता पुदिन्याविषयी. इथे आपल्यापैकी अनेकांची पहिली वडी फसते. परसदारी कुंडीत पुदिना आहे, बाजारात ताजी जुडी मिळते, मग त्याचाच रस काढून का घालू नये, हा विचार स्वाभाविक आहे. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली पाण्याची. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी गेले, की त्यातले साखरेचे कण त्या पाण्याला चिकटतात आणि बघता बघता गुळगुळीत द्रवाचा खरबरीत, घट्ट गोळा होतो. पुदिन्याचा रस म्हणजे बहुतांशी पाणीच. दुसरी अडचण चवीची. आपल्या चटणीतला पुदिना प्रामुख्याने ‘स्पिअरमिंट’ जातीचा असतो. त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा असतो. पेपरमिंटच्या गोळीतला जो झोंबरा गारवा आपल्याला हवा असतो तो मेन्थॉलचा. तो चटणीच्या पुदिन्यात फारच थोडा असतो. त्यामुळे कितीही जुड्या वाटल्या तरी चॉकलेटला चटणीचीच आठवण येत राहते.

मेन्थॉलचा हा गारवा खरे तर आभास आहे. आपल्या जिभेच्या आणि त्वचेच्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे एक ग्राहक प्रथिन असते. मेन्थॉल त्याला डिवचते आणि मेंदूला ‘थंड’ असा निरोप जातो. तोंडाचे तापमान मात्र रतीभरही कमी झालेले नसते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या शास्त्रज्ञांनी २००२ साली स्वतंत्रपणे हे प्रथिन शोधले, तेही मेन्थॉलचाच उपयोग करून. उष्णता आणि स्पर्श जाणवण्याच्या यंत्रणेवरील कामासाठी २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. उकाड्याने जीव नकोसा झाला असता पेपरमिंट चघळणाऱ्या आपल्या आजोबांना हे ठाऊक नव्हते, पण त्यांना बरे वाटत होते हे खरे आहे.

तर मग पुदिना घालायचा कसा? दोन मार्ग आहेत. सौम्य चव चालणार असेल तर कुंडीतला पुदिना धुऊन, फडक्यावर पसरून, सावलीत पाने चुरचुरीत होईपर्यंत वाळवावा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत तीन-चार दिवस पुरतात. ही पाने हाताने चुरून बारीक चाळणीने चाळली, की हिरवट भुकटी मिळते. पांढऱ्या चॉकलेटच्या थरात ती एक लहान चमचा घालावी. रंग फिकट हिरवा येतो आणि वास घरचा येतो. खरा झोंबरा गारवा हवा असेल तर खाद्यपदार्थांसाठीचे पेपरमिंट तेल आणावे लागते. बाटलीवर खाद्योपयोगी असे स्पष्ट लिहिलेले असावे, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक असावा आणि ते तेलातले असावे, पाण्यातले इसेन्स नसावे. मेन्थॉलयुक्त पुदिन्याच्या तेलाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. उत्तर प्रदेशातील बाराबंकीच्या परिसरात त्याची मोठी शेती होते. त्यामुळे चांगले तेल मिळणे अवघड नाही. दीडशे ग्रॅम चॉकलेटला तीन थेंब पुरतात. चौथा थेंब विचार करून घालावा. सहाव्या थेंबाला वडीची टूथपेस्ट होते.

इथे एक इशारा जरा आवाज चढवून द्यायला हवा. घराघरांत औषधाच्या कपाटात अमृतधारेची बाटली असते. तिच्यात पुदिन्याचे सत्त्व असते, पण बरोबर ओव्याचे सत्त्व आणि कापूरही असतो. कापूर पोटात जाणे लहान मुलांना अत्यंत धोक्याचे आहे. थोड्याशा प्रमाणातही त्याने आकडी येऊ शकते. सर्दीवरच्या बाममध्ये आणि वाफाऱ्याच्या कॅप्सूलमध्येही तो असतो. वास सारखा आला म्हणून यातले काहीही स्वयंपाकात वापरू नये. पूजेच्या सामानाच्या दुकानात किंवा काष्ठौषधीवाल्याकडे मिळणारे पुदिन्याचे फूल, म्हणजे मेन्थॉलचे खडे, हेही आपल्या चिमटीच्या अंदाजाने घालण्याची वस्तू नव्हे. पेपरमिंट तेलाची बाटली खाद्योपयोगी असली, तरी ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणीच ठेवावी. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकातोंडाजवळ मेन्थॉल नेले, तर त्याचा श्वास क्षणभर अडकू शकतो. म्हणून तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन हे काम करू नका.

आता कृती. सुमारे चाळीस वड्यांसाठी २५० ग्रॅम डार्क चॉकलेट घ्यावे, शक्यतो ७० टक्के कोकोचे. १५० ग्रॅम पांढरे चॉकलेट घ्यावे, तेही कोको बटरचे. पेपरमिंट तेलाचे तीन थेंब किंवा वर सांगितलेली पुदिन्याची भुकटी, आणि आवडत असेल तर वर भुरभुरवायला चिमूटभर खडे मीठ. बाकी काही नाही. वीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी डबा घ्यावा, नसल्यास आपले वड्या थापायचे ताट चालते. त्याला आतून बटर पेपर लावावा. सारी भांडी, चमचे, सुरी आणि हात पूर्ण कोरडे हवेत. धुतलेले भांडे फडक्याने पुसून लगेच घेऊ नये, आदल्या रात्री पुसून पालथे घालून ठेवावे.

डार्क चॉकलेटपैकी दीडशे ग्रॅम खालच्या थरासाठी बारीक चिरावे. त्यातले शंभर ग्रॅम एका वाडग्यात घ्यावे आणि गॅसवरून उतरवलेल्या गरम पाण्याच्या पातेल्यावर तो वाडगा ठेवावा. वाडगा पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठा असावा, म्हणजे वाफ आत शिरणार नाही. त्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नये. हळूहळू ढवळत चॉकलेट ४५ अंशांपर्यंत न्यावे. मग वाडगा उचलून, तळ कोरडा पुसून, ओट्यावर ठेवावा आणि उरलेले पन्नास ग्रॅम न वितळलेले चॉकलेट त्यात घालून सावकाश ढवळत राहावे. या न वितळलेल्या तुकड्यांतून कोको बटरच्या योग्य स्फटिकांचे विरजणच आपण लावत असतो. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठू शकते, आणि त्यातल्या एकाच तऱ्हेने गोठलेली वडी चमकते, कटकन तुटते आणि बोटांना चिकटत नाही. मिश्रण ३१-३२ अंशांवर आले की ते ओतायला योग्य झाले. थर्मामीटर नसेल तर चमच्याच्या टोकाने थेंबभर चॉकलेट खालच्या ओठाला लावून पाहावे. ते कोमट न लागता किंचित गार लागले पाहिजे. नंतर सुरीच्या पात्यावर थोडे लावून पाच मिनिटे ठेवावे. ते चमकदार होऊन घट्ट झाले तर विरजण लागले. ओले आणि पट्टेदार राहिले तर आणखी थोडे चॉकलेट चिरून घालावे आणि ढवळावे. कंटाळवाणे वाटते खरे, पण बासुंदी आटवण्यापेक्षा लवकर होते.

हा पहिला थर ताटात ओतून, ताट ओट्यावर हलकेच आपटून सारखा करावा. आता वाट पाहायची, आणि थरांची सारी मेख या वाट पाहण्यात आहे. थर पूर्ण कडक होऊ दिला, तर दुसरा थर त्याला धरत नाही आणि कापताना वडीचे पदर पुस्तकाच्या पानांसारखे सुटतात. थर ओला असतानाच दुसरा ओतला, तर दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात. बोट टेकवले असता ठसा उमटत नाही, पण पृष्ठभाग किंचित चिकट लागतो, ती वेळ साधायची. हिवाळ्याच्या सकाळी त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात.

तेवढ्यात पांढरे चॉकलेट त्याच पद्धतीने वितळवून घ्यावे. यात दुधाची पावडर असल्याने ते लवकर करपते. म्हणून पाणी कमी गरम असावे आणि तापमान ४० अंशांच्या फार वर जाऊ देऊ नये. २८-२९ अंशांवर आल्यावर पेपरमिंट तेलाचे थेंब घालून ढवळावे आणि पहिल्या थरावर पसरावे. हा थर यापेक्षा गरम असेल तर खालचा वितळवून टाकतो. पुन्हा तशीच वाट पाहून उरलेल्या शंभर ग्रॅम डार्क चॉकलेटचा पातळ थर द्यावा आणि हवे असल्यास मीठ भुरभुरवावे. तिसरा थर घट्ट झाला, पण दगडासारखा झाला नाही, अशा वेळी सुरी गरम पाण्यात बुडवून, अगदी कोरडी पुसून, एका बाजूने आठ आणि दुसऱ्या बाजूने पाच अशा वड्या पाडाव्यात. एक वडी साधारण दहा ग्रॅमची होते. बाजारातल्या पाककृतींत वरून कडक पेपरमिंट गोळ्यांचा चुरा घालतात. चार वर्षांखालील मूल घरात असेल तर तो घालू नका, घशात अडकतो. शिवाय आपल्या हवेत त्या चुऱ्याला दोन दिवसांत पाणी सुटते.

अनेक पाककृतींत चॉकलेट पातळ व्हावे म्हणून चमचाभर खोबरेल घालायला सांगतात. थंड देशांत ते ठीक आहे. इथे ते घालू नका. खोबरेल कोको बटरला मऊ करते आणि अशी वडी कर्जतच्या फेब्रुवारीतल्या दुपारीसुद्धा तग धरत नाही. साखरेऐवजी गूळ घालून ‘पौष्टिक’ चॉकलेट करण्याचीही टूम आहे. गुळात ओलावा असतो. चॉकलेट खरबरीत होते, आणि रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गुळाला साखरेहून मोठी सवलत मिळते असेही नाही.

वड्या ठेवायच्या कशा हा आपल्याकडचा खरा प्रश्न. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात हवेतला ओलावा हिवाळ्यातही पुरता हटत नाही. फ्रिजमधून काढलेली वडी उघड्यावर ठेवली, की तिच्यावर पाण्याचे बारीक थेंब जमतात. त्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडून गेल्यावर तिची खरबरीत पांढरी पूड उरते. म्हणून वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवाव्यात. डबा फ्रिजमध्ये ठेवला असेल तर बाहेर काढल्यावर तो अर्धा तास तसाच बंद ठेवावा आणि मगच उघडावा. एरवी घरातले सर्वांत गार, अंधारे कपाट पुरते. मसाल्याचे मात्र नव्हे, चॉकलेट कांद्या-लसणाचा वास चटकन धरते. आणि वीज? खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ सालापासून वीज निर्माण करते आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आसपासच्या वाड्या-पाड्यांत मेच्या दुपारी फ्रिज किती वेळ चालेल, याची खात्री अजूनही कोणी देत नाही. एकदा वितळून पुन्हा थिजलेल्या वडीवर पांढुरकी झाक दिसते. बोट लावल्यावर ती विरघळून तेलकट लागली तर ते वर आलेले कोको बटर, आणि खरबरीत लागली तर साखर. दोन्ही बुरशी नव्हेत, खायला अपाय नाही. हिरवट, केसाळ ठिपके किंवा खवट वास असेल तर मात्र टाकून द्यावे.

आता ही वडी कोणी खावी, कोणी टाळावी? इथे एक रूढ समजूत आड येते. पुदिना पचनाला चांगला, म्हणून जेवणानंतर पुदिन्याचे चॉकलेट खाल्ले की पोटाला आराम, असे आपण मानतो. आतड्यांच्या मुरड्यावर पेपरमिंट तेलाचा उपयोग होतो हे खरे आहे. इरिटेबल बॉवेलच्या रुग्णांना डॉक्टर त्याच्या कॅप्सूल देतातही. पण त्या कॅप्सूलना असे आवरण असते, की त्या जठरात न विरघळता आतड्यात विरघळतात. यामागे कारण आहे. पेपरमिंट स्नायूंना सैल करते, आणि अन्ननलिका व जठर यांच्या मधली झडपही स्नायूंचीच असते. ती सैल झाली की आम्ल वर येते. चॉकलेटचाही हाच गुण आहे. तेव्हा ज्यांना जेवणानंतर छातीत जळजळते, रात्री आडवे झाल्यावर घशाशी आंबट येते, त्यांच्यासाठी पुदिना आणि चॉकलेट ही जोडी औषध नसून आगीत तेल आहे. ‘पित्त झाले, पेपरमिंट चघळ’ असे सांगणारे वडीलधारे घराघरांत असतात. तो सल्ला त्यांनी प्रेमाने दिलेला असतो, पण या त्रासात तो उलटा पडू शकतो. आपल्या घरात असे कोणी असेल तर त्यांच्यासाठी मधल्या थरात पुदिन्याऐवजी वेलची किंवा किसलेली संत्र्याची साल घालावी, वडी लहान द्यावी आणि झोपण्याआधी दोन-तीन तासांत देऊ नये.

मधुमेहाविषयी थोडे आकड्यांत बोलू. ७० टक्के कोकोच्या डार्क चॉकलेटमध्ये शंभर ग्रॅमला साधारण ३० ग्रॅम साखर असते, पांढऱ्यात ५५ ते ६०. आपल्या चारशे ग्रॅमच्या घाण्यात मिळून सुमारे १६० ग्रॅम साखर आली. चाळीस वड्या केल्या तर एका वडीला चार ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, आणि ५५ ते ६० उष्मांक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोकळी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांखाली आणता आली तर अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ही अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. एक वडी त्यात सहज बसते. दिवसाला तीन-चार वेळा गोड चहा घेऊन, वर चार वड्या खाल्ल्या तर बसत नाही. मधुमेह आटोक्यात असलेल्यांनी जेवणानंतर एखादी वडी खायला सहसा हरकत नसते, तरी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बाजारातली ‘शुगर-फ्री’ चॉकलेटे हा मोकळा परवाना मानू नये. त्यातल्या माल्टिटॉलसारख्या द्रव्यांनाही उष्मांक असतात, आणि जास्त खाल्ली तर पोट बिघडते.

याच अनुषंगाने एक गोष्ट इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या घरच्यांनी पक्की लक्षात ठेवावी. साखर अचानक उतरून घाम सुटला, हात थरथरले, भोवळ आली, तर चॉकलेट देऊ नका. त्यातल्या मेदामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, आणि त्या वेळी मिनिटे मोलाची असतात. रुग्ण शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी किंवा ग्लुकोज द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा.

मुलांना दोन वर्षांपर्यंत वरची साखर न देण्याचा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, त्यात ही वडीही आली. मोठ्या मुलांना ती जेवणाला जोडून द्यावी, दिवसभर चघळायला नव्हे. दात किती गोड खाल्ले यापेक्षा कितीदा खाल्ले याने अधिक किडतात. इथे एक कुरबूर मांडतोच. भीमाशंकरच्या वाटेवर, पेठच्या किल्ल्याकडे जाताना शहरी गिर्यारोहक ठाकर-कातकरी वाड्यांतल्या मुलांना चॉकलेटे, गोळ्या वाटतात. हेतू चांगला असतो. पण त्या वाडीपासून दंतवैद्य कित्येक किलोमीटर दूर असतो, आणि अनेक मुलांच्या ताटात उणीव असते ती साखरेची नव्हे, प्रथिनांची. सुटीत आपल्या घरी केलेल्या वड्या पिशवीत घेऊन आपण त्या वाटेने निघाला असाल, तर त्या आपल्यासाठी ठेवा. त्यांना द्यायचेच असेल तर शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले चणे, केळी द्या, आणि तेही आधी त्यांच्या आईला विचारून. फार्महाउसवर कुत्रा पाळला असेल तर त्याच्यापासून ही वडी दूर ठेवावी. चॉकलेटमधले थिओब्रोमिन कुत्र्यांना विषासारखे बाधते, आणि डार्क चॉकलेटमध्ये ते अधिक असते.

घरी जमले म्हणून काही वाचक भगिनी पुढल्या दिवाळीला ऑर्डरही घेऊ लागतील, तर उत्तमच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लहान व्यवसायालाही आवश्यक आहे, ती करून घ्यावी. खोक्यावर घटकांची यादी आणि वड्या केल्याची तारीख लिहावी. मेद कंपाउंडचा असेल तर तसे लिहावे. त्यात कमीपणा काही नाही.

एप्रिल उजाडला की मात्र हे सारे आवरून ठेवावे. त्या दिवसांत हाच पुदिना पन्ह्यात, ताकात, कोकमाच्या सरबतात घालावा. उरलेले चॉकलेट तुकड्यांसह बरणीत घट्ट बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, ते मार्गशीर्षापर्यंत टिकते. आणि वड्या करून झाल्यावर वाडग्याच्या कडांना जे चिकटून राहते, ते खरवडून सिंकमध्ये टाकू नका. मेदामुळे मोरी तुंबते. त्यात कपभर गरम दूध ओता, चमच्याने ढवळा आणि सकाळभर शेजारी उभे राहून ‘झाले का, झाले का’ विचारणाऱ्या मुलाच्या हाती तो पेला द्या.